चॉकलेट, गोडंबी आणि सणाचा डबा

सणाला शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आमच्या मंगरूळपिरात अजून पाळली जाते. घरात काही केलेलं नसलं तर वाटीभर साखर, दोन-चार फळं, उरलेल्या शंकरपाळ्यांतल्या मूठभर. काहीतरी घालूनच डबा परत जातो. दिवाळीत फराळाची ताटं ज्या घरी जातात, त्यांतल्या कितीतरी घरांतून रमजान ईदला शीरखुर्मा येतो. गावाच्या नावातला पीर म्हणजे दादा हयात कलंदर. त्यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिर ही दोन्ही गावाची श्रद्धास्थानं, आणि दोन्हीकडच्या सणांना गल्ल्यांमधून झाकलेले डबे फिरतात.

हे पुस्तक त्या डब्यासाठी आहे. चकली, करंजी, अनारसा यांच्या शेजारी चॉकलेट आणि दाण्या-मेव्याचे बेक केलेले पदार्थ कसे ठेवता येतील, ते आपल्या हवेत कसे टिकतील आणि आपल्या मातीतलं काय काय त्यांत घालता येईल, हे पुढच्या पानांवर आहे. फराळ मागे पडावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण दिवाळीच्या तोंडावर दुकानात चकचकीत कागदातल्या चॉकलेटच्या पेट्यांची रास लागते, आणि दरवर्षी कुठल्यातरी घरी फराळाऐवजी तीच पेटी जाते. घरातल्या मुलांना चॉकलेट हवं असतं आणि घरातल्या बाईला दिवसभर तळणीपुढे उभं राहणं जमत नाही. दोघांच्याही बाजूनं मी हे समजू शकते. मला खटकतं ते इतकंच की विकतच्या पेटीत देणाऱ्याच्या हाताचं काही नसतं. चॉकलेट द्यायचंच असेल तर ते आपल्या ओट्यावर करावं, एवढा या पुस्तकाचा आग्रह आहे.

चॉकलेटशी आपली ओळख तशी दुरूनच झाली. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या गोळ्यांना आपण लहानपणी चॉकलेट म्हणायचो. त्यांत कोको नसायचा आणि त्याची कुणाला उणीवही वाटायची नाही. कॅडबरी कंपनी भारतात आली १९४८ साली, पण तिची वडी छोट्या गावांच्या दुकानांत नेहमीची व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याची फळं फांद्यांना तशी थेट खोडालाही लागतात. आतल्या बिया गरासकट आंबवाव्या लागतात, मग वाळवाव्या, मग भाजाव्या. आंबवल्याशिवाय चॉकलेटचा वास तयारच होत नाही. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्रात नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो. त्याला दमट हवा आणि सावली लागते, म्हणून वऱ्हाडच्या काळ्या, तापणाऱ्या रानात तो कधी होणार नाही. तो विकतच आणायचा. पण त्याच्याशी काय जोडायचं हे आपल्या हातात आहे.

आता हवेबद्दल, कारण या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक निर्णय हवेनं घेतलेला आहे. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे कोको बटर. ते साधारण ३४ अंशाला पातळ होतं, म्हणूनच चॉकलेटचा तुकडा तोंडात ठेवताच विरघळतो. पण दिवाळीच्या दिवसांत दुपारी आमच्याकडचा पारा बत्तीस-तेहतीसवर असतो आणि एसटीच्या टपावर किंवा डिकीत त्याहून पुष्कळ वर. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो. तो बुरशीचा नसतो; कोको बटर वर येऊन गोठलेलं असतं. खाल्लं तर अपाय नाही, पण भेट म्हणून ते हातात द्यावंसं वाटत नाही. साच्यातली चॉकलेटं चकचकीत आणि कटकन मोडणारी व्हायला चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचं असतं. मुंबई-पुण्यात वातानुकूलित खोलीत हे जमतं. ऑक्टोबरात आपल्या स्वयंपाकघराची हवाच तिशीच्या वर असते. तिथं चॉकलेट २७ वर उतरवायचं कसं?

साच्यातली घरगुती चॉकलेटं शिकवणारे वर्ग तालुक्याच्या गावांतही निघाले, आणि तिथं बहुतेक वेळा वापरतात ते कंपाउंड. पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या मोर्डे कंपनीच्या लाद्या घरून केक करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहेत. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश असतो. तो उन्हात जास्त टिकतो आणि त्याला तापमानाची वर सांगितलेली कसरत लागत नाही. मी कंपाउंडला नावं ठेवणार नाही. उन्हाळ्यातल्या ईदेला वरून चॉकलेटचा थर द्यायचा तर दुसरा इलाजच नाही. पण चव म्हणाल तर ती जिभेवर मेणासारखी रेंगाळते, हेही खरं. वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचून काय घेतो आहोत ते समजून घ्यावं.

या सगळ्यातून वाट काढते ती बेक करण्याची रीत. चॉकलेट पिठात गेलं, भाजलं गेलं, की त्याचं वितळणं पीठ सांभाळून घेतं. आणि भाजायच्या पदार्थाला महागड्या लादीपेक्षा साधी कोको पावडर जास्त उपयोगी पडते. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटन घराण्यानं १८२८ साली कोकोतली निम्मी-अर्धी चरबी दाबून काढायची युक्ती काढली आणि उरलेल्या चोथ्याची पावडर झाली. चॉकलेटचा वास आणि कडवटपणा सगळा त्या पावडरीत असतो. ती कोमट तुपात किंवा तेलात आधी कालवून पाच मिनिटं ठेवली तर वास आणखी फुलतो. पावडरी दोन प्रकारच्या मिळतात. नैसर्गिक, फिक्या रंगाची पावडर आंबटसर असते आणि खाण्याच्या सोड्याबरोबर फुलते. गडद, अल्कली लावलेल्या पावडरीतला आंबटपणा गेलेला असतो, तिला बेकिंग पावडर लागते. एकीच्या जागी दुसरी घातली की केक बसतो, आणि बाई दोष देते ओव्हनला.

ओव्हनचंच बोलायचं तर आपल्या गावांना भट्टी नवीन नाही. दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पिंपभर नानखटाई, बिस्किटं करून आणायची, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी वर्षानुवर्षं केलं आहे. सामान आपलं, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. पाव-टोस्टाचं काम उरकलं की भट्टीत जी मंद आच उरते, ती नानखटाईला बरोबर लागू पडते. विदर्भातल्या अनेक गावांत या बेकऱ्या मुसलमान कुटुंबांच्या आहेत, आणि हिंदू घरांच्या दिवाळीची बिस्किटं त्यांच्याच पत्र्यांवर भाजली गेली. घरोघरी ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आल्यावर ही ये-जा कमी झाली. पुस्तकातल्या कुकीज आणि टोस्ट अशा भट्टीवर करून घेता येतील अशीच प्रमाणं मी दिली आहेत, आणि जवळ बेकरी असेल तर तिथंच करून घ्या असं माझं सांगणं आहे. विटांच्या भट्टीत पत्र्याला चारी बाजूंनी जी सारखी ऊब मिळते, ती पंचवीस लिटरच्या ओटीजीत मिळत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा मीठ घालून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून करावं. प्रेशर कुकर वापरलात तर शिटी आणि रबर काढायला विसरू नका.

आता गोडंबीकडे येते, कारण तिच्यामुळेच हे पुस्तक लिहायला घेतलं.

चॉकलेटबरोबर अक्रोड, बदाम, हेझलनट ही जोडी जगभर रूढ आहे, आणि बाजारातली पाककृतीची पुस्तकंही तेच सांगतात. अक्रोड काश्मिरातून येतो, बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातून. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग. पण आपल्या वाशिम जिल्ह्यात एक गर आहे, जो पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीच्या आणि डिंकाच्या लाडवांत पडतो आणि एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे बिब्ब्याच्या बीतला गर, गोडंबी. बिब्ब्याचं झाड कोरड्या पानगळीच्या रानात वाढतं. काजू आणि आंबा ज्या कुळातले त्याच कुळातलं हे झाड. फळाची ठेवणही काजूची: वर केशरी-पिवळा मांसल भाग आणि त्याच्या टोकाला टणक काळी बी. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि कोकणानं त्याला आपलं म्हटलं. गोडंबी इथलीच आहे.

बीच्या टरफलात दाट, काळं तेल असतं. परीट त्यानं कपड्यांवर खुणा करायचे, कारण ती खूण धुतली तरी जात नाही. अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात, सूज चढते. गोडंबी काढायची म्हणजे वाळलेला एकेक बिब्बा दगडावर ठेवून बेतानं ठोकायचा, टरफल फुटलं पाहिजे आणि आतला चपटा, पांढुरका गर अखंड राहिला पाहिजे. ठोकताना तेल उडतं. आपल्या जिल्ह्यात हे काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या बोटांचा काळेपणा सणावारालाही जात नाही, आणि हातावरचे जुने व्रण मोजायला बसलं तर मोजवणार नाहीत. किलोभर गोडंबीसाठी बिब्ब्यांची केवढी रास फोडावी लागत असेल याचा अंदाज तो दाणा हातात घेतला की येतो. तो चारोळीहून मोठा आणि काजूच्या पाकळीहूनही लहान असतो. माझ्या मते हा आपल्याकडचा सर्वांत कष्टानं मिळणारा मेवा आहे. बदामाच्या पाकिटावर छापलेली किंमत आपण न बोलता देतो आणि गोडंबीवाल्या बाईशी घासाघीस करतो, हे मला पाहवत नाही. या पुस्तकातले पदार्थ करणाऱ्यांनी ती घासाघीस करू नये.

चवीला गोडंबी मऊ, तेलकट, किंचित गोड. कोकोच्या कडवटपणाला ती जितकी शोभते तितका काजूही शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. काजू कोकोपुढे मिळमिळीत होतो. गोडंबीला भाजल्यावर खमंग वास सुटतो आणि तो कोकोतूनही वर येतो. मात्र तिला नीट वागवावं लागतं. काळा डाग असलेला एकही दाणा ठेवायचा नाही, कारण तो डाग त्याच तेलाचा असू शकतो. निवडलेली गोडंबी मंद आचेवर, सतत हलवत, बदामी रंग येईपर्यंत भाजायची. गार झाल्यावरच पिठात घालायची. तेलाचं प्रमाण जास्त असल्यानं ती लवकर खवट होते, म्हणून हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये. आणि ज्यांना काजू किंवा बिब्बा सोसत नाही त्यांनी गोडंबी खाऊ नये. याचसाठी डब्याच्या झाकणावर आत काय काय आहे ते मराठीत लिहून चिकटवा. शेंगदाणे, काजू, गोडंबी यांतलं काही पोटात गेल्यानं ज्यांचा श्वास कोंडतो अशी माणसं असतात, आणि चॉकलेटमध्ये काय दडलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

बाकीच्या मेव्याबद्दल थोडक्यात. चारोळी मेळघाट आणि गडचिरोलीच्या रानातली. ती वरून पेरायला चांगली. तीळ कोकोबरोबर फार छान लागतात आणि संक्रांतीच्या वड्यांचा एक प्रकार त्यावरच बेतला आहे. शेंगदाण्याला कुणी भेटीच्या लायकीचा समजत नाही. पण कोको, काजू आणि शेंगदाणा हे तिघंही दक्षिण अमेरिकेतून निघून आपल्या ताटात आले, त्यामुळे त्यांना एकमेकांचं वावडं असायचं कारण नाही. भाजून, सालं काढून, जाडसर कुटलेल्या दाण्यांची चॉकलेट नानखटाई मी अक्रोडाच्या ब्राउनीशेजारी खुशाल ठेवीन.

जवसाला मात्र वेगळी जागा द्यायला हवी. सोयाबीन आल्यापासून आपल्या शेतांतून जवस हटत गेला आणि चटणीपुरता उरला. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवली की चिकट लगदा होतो आणि तो एका अंड्याचं काम करतो. जवसाचा गडद रंग कोकोत लपतो. हे पुस्तक पूर्णपणे बिनअंड्याचं आहे याचं कारण डबा कुठं कुठं जाणार हे आहे. शेजारच्या कारंज्यात जैन घरं बरीच, आमच्याकडे माळकरी घरं आहेत. तिथं अंडं चालत नाही. तसंच मुसलमान घरी जाणाऱ्या डब्यासाठी व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमधला नाही ना हे पाहावं. मी बहुतेक ठिकाणी वेलची किंवा जायफळच सुचवलं आहे. नाताळच्या केकमध्ये सुका मेवा दारूत मुरवण्याची चाल आहे. इथं तो संत्र्याच्या रसात मुरवला आहे. विदर्भात संत्रं डिसेंबरात दारात येतं आणि कोकोशी त्याचं चांगलं जमतं. नाताळाचं नाव निघालंच तर, वाशिमला नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे, आणि मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला केकच्या जोडीनं करंज्याही होतात. नाताळाच्या पानावर केक आणि भाजलेली करंजी शेजारी शेजारी दिली आहे.

मापांविषयी. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली मराठी घरांना वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलींचं कितीतरी ओझं हलकं केलं. त्या पुस्तकाबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही इथं मी ग्रॅम वापरले आहेत. भाजीत पाव वाटी इकडेतिकडे झाली तर हात ते सांभाळून घेतो. कोको आणि मैद्यात ती चूक भट्टीत गेल्यावर दुरुस्त होत नाही. वाटीत दाबून भरलेला मैदा आणि चाळून भरलेला मैदा यांच्या वजनात बराच फरक पडतो. छोटा डिजिटल काटा आता बेकरीचं सामान मिळतं तिथं स्वस्तात मिळतो. ओटीजी घेण्याआधी तो घ्या.

डबा दूर पाठवायचा असेल तर टोस्टचा भाग आधी वाचा. आपली मुलं शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला असतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायचा आणि सकाळी मुलानं थांब्यावर उभं राहायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला, ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, आणि प्रवासाचे तास उतरले. डिकीतली उष्णता मात्र उतरली नाही. ब्राउनी त्या प्रवासात ओलसर होते आणि चार-पाच दिवसांत संपवावी लागते. टोस्टचं तसं नाही. इटलीत बिस्कोटी म्हणतात तो पदार्थ आणि आपल्या बेकरीतला टोस्ट यांची रीत एकच: आधी लादी भाजायची, कापायची, आणि काप पुन्हा मंद आचेवर पार कोरडे होईपर्यंत भाजायचे. पाणी उडालं की खराब व्हायला काही उरत नाही. गोडंबी-कोकोचा टोस्ट हवाबंद डब्यात तीन आठवडे सहज राहतो आणि हॉस्टेलच्या चहात बुडवून खाता येतो.

कुठल्या सणाला काय, याची पानं ऋतूप्रमाणे लावली आहेत. दिवाळीला कुकीज, नानखटाई, टोस्ट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण लुटतात, तेव्हा वऱ्हाडात चांगली थंडी असते. खऱ्या चॉकलेटचा थर द्यायची हौस असेल तर ती तेव्हाच भागवावी. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे तिच्यासाठी उन्हाळ्याचा आणि थंडीचा असे दोन्ही पर्याय दिले आहेत. राखीच्या दिवसांत हवा दमट; तेव्हा डब्यात तांदळाच्या दाण्यांची छोटी पुरचुंडी ठेवा, ती ओल धरून ठेवते. हे पदार्थ कुणाला विकायचे असतील तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. घरून करणाऱ्यांनाही ती लागते.

ज्यांनी कधीच काही बेक केलेलं नाही त्यांनी दाण्याच्या चॉकलेट नानखटाईपासून सुरुवात करावी. कणीक १२० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, भाजून कुटलेले दाणे १०० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. तूप आणि साखर फेसून घ्या, बाकीचं हलक्या हातानं मिसळा, मळू नका. गोळे करून वर एकेक गोडंबी दाबा आणि १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं भाजा. भट्टीतून काढल्यावर नानखटाई मऊ लागते आणि कच्ची राहिली असं वाटून पुष्कळ जणी ती पुन्हा आत सरकवतात. तसं करू नका. पत्रा जाळीवर ठेवून अर्धा तास हात लावू नका; ती गार होतानाच खुसखुशीत होते.